पावती आहे, परवानगी कुठे आहे?

(वाचकांचे प्रश्न : शहराचा कारभार. या सदरात उत्तरं देणाऱ्या आमच्या लेखिका नगररचना खात्यातून रचना सहायक म्हणून निवृत्त झाल्या असून सांगलीत विश्रामबागेत राहतात.)

पावसाळा तोंडावर आला की या सदराची पत्रं वाढतात. निम्मी गुंठेवारीची (मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटची) असतात आणि निम्मी पाण्याची, म्हणजे नळाला न येणाऱ्या आणि घरात न बोलावता येणाऱ्या. काही पत्रांत शिव्याही असतात. त्या गाळून प्रश्न छापते आहे.

प्रश्न : मॅडम, 2009 मध्ये आम्ही शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला दीड गुंठा जागा घेतली. विकणाऱ्यानं नोटरी करून दिली, "खरेदीपत्राचं नंतर बघू" म्हणाला. 2011 ला घर बांधलं. घरपट्टी माझ्या नावानं येते, पाणीपट्टी भरतो, लाईट आहे. आता मुलाचं लग्न ठरलंय, वरचा मजला चढवायचाय. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, मंजूर नकाशा आणा. मग इतकी वर्षं आमच्याकडून घरपट्टी घेतली ती कशाबद्दल? आणि तुकडेबंदी उठली असं ऐकतोय, म्हणजे आता आपोआप सगळं कायदेशीर होणार ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काका, तुम्ही पत्राबरोबर घरपट्टीच्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, एकही साल न चुकवता. असा करदाता मिळाला तर वसुलीचा क्लार्क तुम्हाला चहा पाजेल. पण बँकेचे साहेब बरोबर बोलले.

घरपट्टी बसवणारा माणूस येतो तेव्हा त्याला उभं घर दिसतं, आत नांदणारी माणसं दिसतात. तो मोजमाप घेतो आणि कर बसवतो. ते घर परवानगीनं बांधलंय का, हे बघणं त्याच्याकडे नसतं. ते दुसऱ्या मजल्यावरच्या दुसऱ्या टेबलाचं काम. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं 267 अ हे कलम वाचा. विनापरवाना बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावायची सोय त्यात आहे, आणि तिथंच स्पष्ट लिहिलंय की असा कर आणि शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही. "घरपट्टी सुरू आहे, प्लॉट क्लिअर आहे" असं सांगून आपल्याकडे किती प्लॉट खपवले गेले याचा हिशेब कुणी मांडला तर या मासिकाचा विशेषांक निघेल.

तुमच्या घराला तीन गाठी आहेत आणि त्या वेगवेगळ्या सोडवाव्या लागतील.

पहिली मालकीची. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणी केलेल्या दस्तानंच होते. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की अमुक दिवशी अमुक माणसानं समोर सही केली. त्यानं मालकी सरकत नाही. आधी तुमच्या गटाचा ताजा सात-बारा काढा. त्यावर आज कोणाचं नाव आहे? विकणारा हयात आहे का? नसेल तर वारसांची नोंद झाली आहे का? वारसांत बहिणी असतील तर त्यांच्याही सह्या लागतील, आणि 2009 चा भाव त्यांना आज आठवत नसतो. हे काम सगळ्यात किचकट, म्हणून ते आधी. याला वकील लागतो, एजंट नव्हे.

दुसरी गाठ भूखंडाची. तुमचा दीड गुंठा म्हणजे साधारण 1,633 चौरस फूट. शेतजमिनीत फक्की मारून असे तुकडे पाडले, रेखांकन मंजूर करून घेतलं नाही, मध्ये दहा-बारा फुटी बोळ ठेवला आणि त्यालाच रस्ता म्हटलं, की झाली गुंठेवारी. यासाठी 2001 चा गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा आहे. मुळात त्याची तारीख 1 जानेवारी 2001 होती. 2021 च्या दुरुस्तीनं ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. तुमचं घर 2011 चं, म्हणजे तारखेत बसतं. आणि इथंच तुमच्या पावत्या कामाला येतात. पावती म्हणजे परवानगी नव्हे, पण त्या तारखेला घर उभं होतं याचा तिच्यासारखा पुरावा नाही. लाईट बिलाबरोबर त्या फाईलला लावा. पुढे मोजणीचा नकाशा, परवानाधारक अभियंत्याकडून घराचा नकाशा, मग अर्ज, मग प्रशमन शुल्क (विनापरवाना काम नियमित करून घेण्याचं शुल्क) आणि विकास शुल्क.

मात्र अर्जाआधी झोन दाखला आणि भाग नकाशा काढून बघा. जागा आरक्षणात असेल, विकास आराखड्यातल्या रस्त्यात येत असेल किंवा नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत (जिथं बांधकामाला मनाई असते) असेल, तर नियमितीकरणाची आशा धरू नका. हे शुल्क भरायच्या आधी कळलेलं बरं.

तुकडेबंदीचं म्हणाल, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडून विकायला बंदी घालणाऱ्या कायद्याचं, तर त्यात अलीकडे सवलती आल्या आहेत हे खरं. पण त्या सवलती झालेल्या खरेदी-विक्रीला हात देतात. भिंती, स्लॅब, समासातलं अंतर, रस्त्याची रुंदी याच्याशी त्यांचा संबंध नाही. व्यवहार नियमित होणं आणि घर नियमित होणं या दोन फायली आहेत. "एकात दुसरं होऊन जाईल" असं सांगणारा माणूस तुमच्या घरी चहाला आला तर चहा द्या, पैसे देऊ नका.

तिसरी गाठ वरच्या मजल्याची. लग्नाची घाई कळते, पण आत्ता स्लॅब टाकू नका. 31 डिसेंबर 2020 नंतरचं बांधकाम या कायद्याच्या छत्रीखाली येत नाही. आज चढवलेला मजला खालच्या घराची फाईलही अडवून बसेल. आधी खालचं नियमित, मग वरच्यासाठी रीतसर परवानगी. ती डिसेंबर 2020 च्या बांधकामाच्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे मिळेल, आणि त्यात समोरचा रस्ता किती रुंद यावर बरंच अवलंबून असतं. तोवर सुनेला खालीच एक खोली मोकळी करून द्या. आमच्या पिढीचे संसार तसेच सुरू झाले.

एक मनातलं सांगते. गुंठेवारीत राहणाऱ्याला चोर समजणारे साहेब मी पाहिले आहेत आणि मला ते कधी पटलं नाही. कुपवाडच्या एमआयडीसीतला कामगार, मार्केट यार्डातला हमाल, वडापची जीप चालवणारा पोरगा, यांना मंजूर ले-आऊटमधला प्लॉट परवडावा असा भाव सांगलीत फार पूर्वीच गेला. सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून 1998 मध्ये महापालिका झाली. कागदावर एक शहर एका दिवसात झालं. गटारी, पाइपलाइनी, रस्ते मागून चालत येत राहिले, आणि वस्ती त्यांची वाट बघत थांबली नाही. माझा राग आहे तो तुकडे पाडून विकणाऱ्यावर. त्यानं रस्त्याची जागा विकली, बागेची विकली, नाल्याचीही विकली, आणि नंतर रस्ता मागायला तुमच्याबरोबर मोर्चात पुढे उभा राहिला.

प्रश्न : मॅडम, लई वैताग आलाय. आमच्या शेजारच्यानं प्लॉटवर दोन-अडीच फूट मुरमाचा भराव टाकून घर बांधलं. त्यात गेल्या साली रस्ता काँक्रीटचा झाला, तोबी आमच्या उंबऱ्याच्या वर. आता तासभर पाऊस झाला की पाणी आमच्या स्वयंपाकघरात. शौचालयाची टाकी तर पावसाळाभर उलटी येती. 2019 च्या पुरातसुद्धा आमच्या गल्लीत नदीचं पाणी आलं नव्हतं. मग आमचा भाग पूरग्रस्त हाय का न्हाई?
— एक गृहिणी, सांगलीतील उपनगर

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात सगळ्या उपनगरांचं दुखणं आहे. पूर म्हटला की सांगलीकर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे बघतो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. 2005 आणि 2021 ला पाणी पन्नाशी ओलांडून गेलं, 2019 ला तर 57 फुटांच्याही वर. तो नदीचा पूर. तुमच्या घरात येतं ते नदीचं नव्हे, आभाळाचं पाणी. नदी पंचवीस फुटांवर असतानाही ते येणार. त्यामुळे नदीची पातळी बघून "आपण सुरक्षित" असं म्हणणं तुमच्या गल्लीला लागू नाही.

हे पाणी जात का नाही? आपली जमीन काळी आणि सपाट. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि मग खाली थेंब सोडत नाही. आधी इथं ऊस होता, भाजी होती, तेव्हाही पाणी साठायचंच. पण शेतकऱ्यानं चर काढलेले असत, ते ओढ्याला मिळत आणि ओढा नदीला. प्लॉट पडले तेव्हा चर बुजले. ओढ्याची एक बाजू कुणाच्या कंपाउंडमध्ये गेली, दुसरी कुणाच्या पार्किंगमध्ये. उरला तो गटारीएवढा. आणि ज्या वेळी नदी खरोखर चढते, तेव्हा नाल्याचं तोंडच पाण्याखाली जातं. मग नाल्यातलं पाणी नदीत शिरण्याऐवजी माघारी फुगतं आणि सखल गल्ल्यांत वर येतं. नदी अजून घरापासून लांब असते आणि घरात मात्र गुडघाभर पाणी. शामरावनगरसारख्या भागातल्या लोकांना हे मी सांगायला नको.

टाकी उलटी येण्याचं कारणही तीच माती. सेप्टिक टँकमधलं पाणी शोषखड्ड्यात मुरायला हवं. काळ्या जमिनीत पावसाळ्यात मुरणार कुठं? खड्डा खोल केला तरी उपयोग नाही, उलट जमिनीतलं पाणीच आत येतं. याला खरं उत्तर भुयारी गटार हेच. ती येईपर्यंत मे महिन्यात टाकी उपसून घ्या, शोषखड्ड्याचं झाकण सिमेंटनं सांधून घ्या, आणि छताचं पाणी त्यात सोडलं असेल तर आजच तोडा. निम्म्या घरांत तोच घोळ असतो. उपसायला यंत्राची गाडीच बोलवा. माणसाला आत उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या टाकीतल्या वायूनं माणूस मिनिटात जातो.

आता शेजाऱ्याचं. त्याच्यावर चिडून भांडण काढण्यापूर्वी एक बघा, त्यानं भराव फक्त स्वतःच्या प्लॉटवर टाकलाय की मधला ओघळही बुजवलाय? स्वतःच्या जागेत जोतं उंच घेणं चुकीचं नाही. पूररेषेतल्या जागांना तर नियमच तसा आहे. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामच नको, आणि निळ्या व लाल रेषेच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या निदान 0.45 मीटर वर. पण ओघळ किंवा ओढा बुजवला असेल तर प्रकरण वेगळं. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढा. ओढा-नाला त्यात रेघांनी दाखवलेला असतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार असे प्रवाह सरकारच्या मालकीचे. त्यावरचा भराव हे शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं भांडण राहत नाही, सरकारी जागेवरचं अतिक्रमण होतं. अर्ज महापालिकेला द्या, प्रत तहसीलदारांना, दोन्हीकडे पोच घ्या. अर्जाला नकाशा जोडा. "पाणी येतं, काहीतरी करा" या अर्जावर फार तर जेसीबी येऊन गाळ काढून जातो. नकाशा जोडलेल्या अर्जावर कुणाला तरी शेरा लिहावा लागतो.

रस्त्याचं मात्र डोक्यात जातं. जुना डांबरी थर खरवडून न काढता त्यावर नवा रस्ता ओतायचा, दर पाच-सात वर्षांनी असा थरावर थर. ठेकेदाराला सोपं पडतं, उद्घाटनाचा फोटो छान येतो आणि गल्लीतली सगळी घरं हळूहळू तळघरं होतात. तुमच्या भागात पुढचा रस्ता मंजूर झाला की काम सुरू व्हायच्या आधी गल्लीनं सह्यांचा अर्ज द्यावा, की रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याखाली ठेवावी आणि गटार आधी, रस्ता नंतर करावा. काम झाल्यावर ओरडून काँक्रीट खाली जात नाही.

प्रश्न : आमच्या प्रभागात चार नगरसेवकांची पद्धत. गटारीचं झाकण तुटलं तर एक म्हणतो तो भाग त्यांचा, दुसरा म्हणतो त्यांना विचारा. नक्की कोणाकडे जायचं?
— एक दुकानदार, मिरज

उत्तर : झाकणासाठी कोणाकडेच जाऊ नका. आरोग्य निरीक्षक किंवा प्रभाग कार्यालयातला कनिष्ठ अभियंता यांचं ते रोजचं काम आहे, त्याला नगरसेवकाची चिठ्ठी लागत नाही. कायद्यात प्रभागाची वाटणी चौघांत झालेली नसते, चौघंही सगळ्या प्रभागाचे. "तो भाग त्यांचा" ही त्यांची आपापसातली सोय. 2018 च्या निवडणुकीत इथं 20 प्रभाग होते आणि 78 जागा, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. नगरसेवकाला गाठायचं ते अंदाजपत्रकाच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेव्हा झाकण मागायचं नाही, सगळी गटार मागायची. चौघांना एकाच कागदावर एकाच दिवशी अर्ज द्या आणि चौघांची नावं त्यात लिहा. कागद टाळणं जड जातं.

प्रश्न : विश्रामबागेत आमचं जुनं घर आहे. वर दोन खोल्या काढून वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजच्या मुलांना भाड्यानं दिल्या. आता घरपट्टीची नोटीस जवळजवळ दुपटीनं आली. हा अन्याय नाही का? न भरता कोर्टात जावं असं मेहुणे म्हणतात.
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, आपण एकाच भागातले, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. मेहुण्यांचं ऐकू नका.

कर कसा निघतो ते आधी. घराला वर्षाला किती भाडं यावं याचा अंदाज धरतात, त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा करतात आणि उरतं ते करयोग्य मूल्य. समजा वार्षिक भाडं 60,000 धरलं, तर करयोग्य मूल्य 54,000. त्यावर सगळे कर टक्क्यांत बसतात. तुमची वरची मोजणी वाढली, शिवाय भाडेकरूचा दर मालकाच्या राहण्यापेक्षा जास्त, तेव्हा आकडा वाढणारच. प्रश्न इतकाच की तो बरोबर वाढलाय का.

विशेष नोटिशीवर हरकतीची शेवटची तारीख असते. ती चुकली की पुढचं सगळं अवघड. त्याआधी कर आकारणीचा उतारा मागा आणि टेप घेऊन स्वतः मोजा. खोल्यांचं क्षेत्र, बांधकामाचा प्रकार आणि वापर, या तीन रकान्यांत चुका सापडतात. पत्र्याच्या खोलीला आरसीसी लावलेलं मी पाहिलंय. जिन्याखालच्या कोनाड्याला दुकान लावलेलंही पाहिलंय. हरकतीवर सुनावणी होते, तिथं फोटो आणि मोजमाप ठेवा. निकाल पटला नाही तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत 15 दिवसांची, आणि आधी कर भरावा लागतो. नुसतं न भरता बसलात तर थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24. तुमच्या मुदत ठेवीला एवढं व्याज मिळत असेल तर मेहुण्यांचं खरं.

आणि त्या दोन खोल्यांना परवानगी घेतली होती का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचा.

प्रश्न : आमच्या कॉलनीत ओपन स्पेस आहे. तिथं एका मंडळानं पत्र्याचं शेड टाकलं, मग हॉल बांधला, आता तो लग्नाला भाड्यानं देतात. शेजारी मंदिराचा चौथरा सुरू झालाय. विरोध केला तर "तुम्ही धर्माच्या विरोधात" असं बोलतात. काय करावं?
— काही रहिवासी, कुपवाड रस्ता

उत्तर : तुम्ही नाव न लिहिण्याची विनंती केली आहे यावरूनच अंदाज आला.

नगररचनेकडून तुमच्या ले-आऊटच्या मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत काढा, माहिती अधिकारात मिळेल. अर्जाला 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, न मिळालं तर पहिलं अपील. सध्याच्या नियमावलीत 0.4 हेक्टर आणि त्यावरच्या रेखांकनात 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, जुन्या ले-आऊटलाही अशाच अटी असत. ती जागा विकणाऱ्यानं दान केलेली नसते. तिची किंमत प्रत्येक प्लॉटच्या भावात धरलेली असते, म्हणजे ती तुम्ही विकत घेतलेली आहे. ओपन स्पेसच्या थोड्या भागात वाचनालय, व्यायामशाळा असं काही रीतसर परवानगीनं बांधता येतं. भाड्यानं द्यायचा लग्नाचा हॉल त्यात बसत नाही.

चौथऱ्याबद्दल वाद घालत बसू नका. सार्वजनिक जागेत नवं धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 29 सप्टेंबर 2009 चा आहे, सगळ्या धर्मांना सारखा. तो अर्जात नमूद करा आणि आजच्या तारखेचे फोटो जोडा. चौथरा असताना अर्ज गेला तर प्रश्न बांधकामाचा असतो. कळस चढल्यावर तो बंदोबस्ताचा होतो, आणि मग अधिकारी फाईल कपाटात ठेवतात. त्यांनाही घरी जायचं असतं.

अर्ज एकट्यानं देऊ नका. निदान दहा-पंधरा घरांच्या सह्या, त्यात बायकांच्या पुष्कळ. संध्याकाळी मुलांना खेळायला जागा नाही हे आईनं सांगितलेलं कुणाला खोडता येत नाही. आणि जागा मोकळी झाली की त्याच आठवड्यात तिथं झाडं, कुंपण, दोन बाकं येऊ देत. (बाकावर कुणाच्या निधीतून याचं नाव बाकापेक्षा मोठं असेल, ते सोसा.) मोकळी, ओसाड ओपन स्पेस सांगलीत फार दिवस मोकळी राहत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात नळाला पिवळं पाणी येतं. प्यावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : रंग गाळाचा असतो, दुखणं डोळ्यांना दिसत नाही. गाळून, उकळून घ्या. पाणी माळबंगल्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन निघालं तरी वाटेत जुन्या पाइपला गळती असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर पुरवठा बंद झाल्यावर तीच गळती बाहेरचं घाण पाणी आत ओढते. म्हणून पहिली दहा मिनिटं भरू नका. प्रभाग कार्यालयाकडे ओटी टेस्टची मागणी करा. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकून पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही आला तर तुमच्या गल्लीत गळती आहे असं धरून पाइप तपासायला लावा. आणि ही टेस्ट गल्लीच्या शेवटच्या नळावर घ्यायला सांगा. पहिल्या नळावर ती नेहमी पास होते.

प्रश्न : आमचं गाव शहराला लागून आहे. महापालिकेत जावं की ग्रामपंचायतच बरी, यावर गावात दोन तट पडलेत. मी नुकताच सदस्य झालोय. मत काय द्यावं?
— एक ग्रामपंचायत सदस्य, मिरज तालुका

उत्तर : दादा, दोन्ही तट तुम्हाला अर्धंच सांगत असणार.

"शहरात गेलो की घरपट्टी दहापट" हे खरं नाही. हद्दवाढीत आलेल्या भागाला शहराचा पूर्ण दर एकदम लागत नाही, काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं चढतो. पण चढतो. "शहरात गेलो की भुयारी गटार, चोवीस तास पाणी" हेही खरं नाही. आधीच आत असलेली उपनगरं त्याच रांगेत उभी आहेत, वरची दोन पत्रं वाचा. सांगलीतल्या शेरीनाल्याचं सांडपाणी धुळगावला नेऊन शेतीला द्यायची योजना किती वर्षं चर्चेत आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. साताऱ्याकडे बघा. तिथली हद्दवाढ वर्षानुवर्षं रखडून 2020 मध्ये मंजूर झाली, शाहूपुरी, विलासपूर असे भाग शहरात आले. तिथल्या ओळखीच्या चार घरांत जाऊन विचारा, दोन करदात्यांना आणि दोन भाडेकरूंना. सभेतल्या भाषणापेक्षा ते उपयोगी.

काय जाईल तेही मोजा. जिल्हा परिषद, पंचायत समितीचं प्रतिनिधित्व जाईल. वित्त आयोगाचा थेट ग्रामपंचायतीला येणारा निधी जाईल. ग्रामसभा जाईल, आणि हे मला सगळ्यात मोठं वाटतं. ग्रामसेवकाला भर सभेत हिशेब विचारता येतो, आयुक्तांना विचारायला आधी वेळ घ्यावी लागते.

तरी माझं मत विचारता तर तुमच्या गावाच्या कडेला आत्ता किती प्लॉट पडतायत त्यावर ते ठरेल. गावठाणाबाहेर बांधकाम परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही, तरी लोक सरपंचाचा दाखला घेऊन घरं बांधतात, आणि तुम्ही त्यांना घरपट्टीच्या नोंदीचा, नमुना आठचा उतारा देता. उद्या गाव शहरात गेलं तर ही सगळी घरं गुंठेवारी म्हणून मोजली जातील. न गेलं तरी गटारीसाठी ती तुमच्याच दारात येतील. म्हणून हद्दवाढीवर हात वर करायच्या आधी एक ठराव मांडा. मंजूर रेखांकन असल्याशिवाय नवीन नोंद नाही, आणि गाव नकाशातले सगळे ओढे-ओघळ मोजून त्यांना दगड लावायचे. सरकार हद्दवाढीची प्रारूप अधिसूचना काढतं तेव्हा हरकती मागवतंच, त्या वेळी हा ठराव आणि तो नकाशा जोडा.

ठरावाला पहिला विरोध कोण करतो ते बघून ठेवा. त्याच्या नावावर किती एकर आहे, तेही.